कालचं वाचन

बायबल वर्षभरात वाचून काढायचा हिशोब सोपा आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याला २३ होतात आणि वर्ष संपायच्या आत पुस्तक संपतं. हा हिशोब ज्यानं काढला त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत. १ जानेवारीला सुरुवात केलेला माणूस उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टीच्या ओढीनं वाचतो, निर्गमाचे ४० कसेबसे निभावतो आणि जानेवारीच्या अखेरीस लेवीयाच्या दारात येऊन उभा राहतो. तिथं यज्ञांचे प्रकार, शुद्ध-अशुद्धाचे नियम. इकडं घरात लग्नसराई, आजारपणं, पोरांच्या परीक्षा. आमच्या ओळखीत लेवीयाच्या पलीकडं गेलेली माणसं फार थोडी, आणि त्यातली बरीचशी पेन्शनर.

मी कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. राहायला गडमुडशिंगीला, हुपरी रस्त्याला. सकाळची ड्युटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, रात्रीची आठ ते आठ, आणि हे चक्र फिरत राहतं. मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत. त्यांची सुट्टी सोमवारी, म्हणजे रविवारची उपासनाही बऱ्याचदा माझ्या आणि मुलांच्याच वाट्याला. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागं मोपेड अडकते आणि घरी पोचायला उशीर ठरलेला. रोजच्या मननाबद्दल मंडळीत जे सांगितलं जातं, ते अशा घराकडं बघून सांगितलेलं नसतं. पहाटे चारला उठा, म्हणतात. रात्रपाळीची बाई पहाटे चारला जागीच असते, कुणाची तरी सलाइन बदलत.

एका वर्षी मी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता बायबलच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. वाचलं की टिक. रात्रपाळी आली आणि चौकोन मोकळे राहायला लागले. राहिलेलं सुट्टीला भरून काढू म्हटलं. सुट्टीला दळण, बँक, पोरांच्या शाळेची मीटिंग. रात्री झोपायच्या आधी राहिलेले अध्याय नुसते डोळ्यांखालून घातले. कुठल्या वंशाचा तळ निवासमंडपाच्या कुठल्या बाजूला होता, हे विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. टिक मात्र पडली. पुढच्या रात्रपाळीला पुन्हा तेच. हळूहळू असं झालं, की बायबल उघडलं की वचनाच्या आधी तक्ता दिसायचा, म्हणून बायबलच उघडेनासं झालं. त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, वेळ मिळत नाही. वेळ मिळत होता. मागची बाकी बघायचं धाडस होत नव्हतं.

पुढं मोबाइलवर बायबल आलं, त्यात सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा. आमच्या तरुण संघातल्या एका मुलीचा तो आकडा एका आजारपणात तुटला आणि तिनं अ‍ॅपच काढून टाकलं. पुठ्ठ्यावरचा तक्ता निदान गप्प तरी बसायचा.

खरं तर नर्सला हे शिकवावं लागू नये. वॉर्डात एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी आम्ही दोन एकदम देत नाही. नोंद करतो, डॉक्टरांना कळवतो आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत पुढचा डोस ठरल्या वेळी, ठरला तेवढाच देतो. हा नियम मला अंगवळणी होता, पण तो घरी आणायचं सुचलं नाही. सुचवलं सासूबाईंनी. त्यांना मी आत्या म्हणते. एका सुट्टीला मी बोटं मोजत मागचे अध्याय काढत बसलेले बघून त्या म्हणाल्या, “अगं, पान उलट आणि आजचं वाच की. कालचं देवानं वाचलंय.”

तेव्हापासून घरात नियम एकच आहे: राहिलेलं वाचायचं नाही. जिथं खूण असेल तिथून पुढं, किंवा आजच्या तारखेचं. कालचा भाग कितीही महत्त्वाचा असो, तो कधीतरी परत येईलच.

आत्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्यामागं शाळा, बोर्डिंगं, चर्च असा पसारा इथं उभा राहत गेला. बोर्डिंगात पहाटे घंटा व्हायची, मुली ओळीनं बसायच्या, गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना, मग न्याहारी. मिशन दवाखान्यांतही दिवसाची सुरुवात प्रार्थनेनंच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्यातून पुढं आपल्या कितीतरी घरांतल्या मुली नर्सिंगला गेल्या, आणि त्या पिढीच्या भक्तीचे गोडवे आम्ही अजून ऐकतो. मी ते ऐकून बरीच वर्षं मनात खजील व्हायचे. आता तसं वाटत नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी घंटा वाजवत होतं. आत्यासुद्धा कबूल करतात, की लग्न होऊन आल्यावर त्यांचं वाचन सुटलं होतं. ते परत लागलं ते मुलं मोठी झाल्यावर, महिला मंडळाची सभा आळीपाळीनं घरोघरी व्हायला लागली तेव्हा. आमच्या शेजारच्या माळकरी आजींचंही तेच. संध्याकाळी हरिपाठाला त्या चुकत नाहीत, कारण देवळात बाकीच्या बायका वाट बघत असतात, आणि एक दिवस नाही गेल्या तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते.

ब्रदर लॉरेन्सचं नाव पाळक साहेबांच्या प्रवचनात अधूनमधून येतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबणारा हा साधा माणूस, भांडी घासतानाही देवाच्या सान्निध्यात असायचा. आमच्यासारख्या कामात बुडालेल्यांना तो फार आवडतो. मग आपण म्हणतो, माझं कामच माझी प्रार्थना. पण लॉरेन्स मठात राहत होता हे आपण सोयीनं विसरतो. तिथं प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि शेजारी सगळेच प्रार्थना करणारे. इंजेक्शन भरताना देव आठवतो, नाही असं नाही, पण ज्या दिवशी त्याच्याजवळ थोडं बसलेली असते त्याच दिवशी जास्त आठवतो.

मठ नाही, बोर्डिंग नाही, तर घंटा कुठून आणायची? घड्याळाचा गजर लावून मी बघितला. पाळी बदलली की गजरही बदलायचा, आणि बदलायचं राहून जायचं. शेवटी शोधलं ते असं काहीतरी, जे तिन्ही ड्युट्यांत सारखंच घडतं. माझ्या बाबतीत ते उठल्यावरचा पहिला चहा निघाला. सकाळच्या ड्युटीला तो साडेपाचला होतो, रात्रपाळीनंतर दुपारी दोन-अडीचला, पण होतो नक्की. बायबल आता चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असतं, आणि फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. यातला फोनचा भाग चहाइतकाच महत्त्वाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप आधी उघडलं तर वचनाची पाळी येत नाही. मग ते वचन व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावर लिहून आलेलं का असेना.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट निवडायला सांगितली आणि ती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या घटनेला, म्हणजे न्याहारीनंतर वगैरे, जोडायला लावली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते असं सांगणारे जे पुड्या सोडतात, त्या ऐकून निराश व्हायचं कारण नाही.

पहाटेसाठी नेहमी मार्काच्या पहिल्या अध्यायाचा दाखला देतात, की येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. बरोबर आहे. त्याच मार्कात सहाव्या अध्यायात तो दिवसभराच्या गर्दीनंतर लोकांना निरोप देऊन डोंगरावर प्रार्थनेला जातो, आणि लूक एका ठिकाणी सगळी रात्र प्रार्थनेत घालवल्याचं सांगतो. त्याच्याही पाळ्या बदलत होत्या म्हणा ना. आणि कामाचा व्याप म्हणाल तर दानीएल बघा: १२० प्रांताधिकाऱ्यांवर जे तीन अध्यक्ष नेमले होते, त्यातला तो एक. तरी दिवसातून तीनदा, माडीवरच्या त्याच खोलीत, यरुशलेमकडच्या त्याच खिडक्यांशी. जागासुद्धा ठरलेली.

वाचायचं किती? माझा अनुभव असा, की अध्याय हे माप धकाधकीच्या घराला मोठं पडतं. आपल्या मराठी बायबलात मध्ये मध्ये मथळे छापलेले असतात. एका मथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत, बस. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी मार्क सुचवते, १६ अध्यायांचं सगळ्यात छोटं शुभवर्तमान, आणि कुठं रेंगाळत नाही. एकदम फारच आबाळ होत असेल तर नीतिसूत्रं. त्याचे अध्याय ३१, म्हणून १२ तारखेला बारावा, १३ला तेरावा. चुकला तर पुढच्या महिन्यात तो आपल्या तारखेला पुन्हा हजर. बाकी साठायला जागाच नाही. रात्रपाळीवाल्यांसाठी स्तोत्र १३४ खास आहे. तीनच वचनं, आणि रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभ्या असणाऱ्यांना उद्देशून. ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले होते. ११९वं मात्र रात्रपाळीत उघडू नका, १७६ वचनं आहेत.

ड्युटीच्या वेळेत मनन करायचं नाही, हे मी ठामपणे सांगते. ती वेळ पेशंटची. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या लोकांत ती फार बोकाळली आहे. प्रार्थनेसाठी म्हणून ग्रुपवर पेशंटचं नाव, आजार, कधी फोटोसुद्धा टाकले जातात. मी कुणासाठी प्रार्थना करते ते माझ्या वहीत खाट नंबरानं लिहिलेलं असतं. देवाला नंबरावरून कळतं. ग्रुपला कळायची गरज नाही.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आम्ही लांबवत नाही. ‘उपासना संगीत’मधलं एक गीत, एका मुलाची प्रार्थना, झालं. गीत मात्र गाळत नाही, कारण पोरांच्या डोक्यात तेच राहतं. ना. वा. टिळकांची भजनं आत्यांना पुस्तक न उघडता येतात, आणि त्यांनी ती बसून पाठ केलेली नाहीत. या बाबतीत लक्ष्मीबाई टिळक मला फार जवळच्या वाटतात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढं लिहिलं ते या बाईनं, जिला लहानपणी शाळा मिळाली नव्हती आणि जिच्या घरात कायम माणसांचा राबता. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तीमधल्या शेकडो बायका-मुलींचा संसार सांभाळत सगळं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. निवांत वेळ मिळेल तेव्हा बसू, असं या दोघींनी ठरवलं असतं तर काय झालं असतं, ते उघड आहे.

या सगळ्यात एक दिवस अजून जमत नाही, सोमवार. मिस्टर घरी असतात, कधी माझीही सुट्टी जुळते, पोरं शाळेतून लवकर येतात, आणि तरी आमचा नेम सगळ्यात जास्त चुकतो तो सोमवारीच. पहिल्या चहाला दुसरा जोडला जातो, मग कुणीतरी येतं, मग जेवणं. म्हणून आता सोमवारचं वाचन आम्ही थोरल्याकडं सोपवलंय. कुठलं वाचायचं, कधी बसायचं, सगळं तो ठरवतो आणि आम्हाला हाका मारून गोळा करतो. सध्या शास्ते चाललंय. शमशोन संपला तरी तो पुढं सरकायला तयार नाही, सिंह फाडल्याचा भाग दर सोमवारी पुन्हा होतो, आणि आत्यांनी मध्ये एकदा रूथ सुचवून बघितलं तर म्हणाला, “त्यात मारामारी नाही.”