घरचे वायफाय मोटारघरापर्यंत : हिशोब उसाच्या उंचीचा
(ऊस विकास विभागाकडून)



गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्याचा आपला अनुभव असा की, मुखाशी पाणी भरपूर आणि टेलवर बोंब. घरच्या वायफायचेही तसेच आहे. ओसरीवर रेंज पूर्ण, गोठ्यात अर्धी आणि मोटारघरात नावालाही नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली की साप-विंचवाच्या वाटेने धुऱ्याधुऱ्याने जावे लागते. म्हणून मोटारीवर वायफायचा स्टार्टर किंवा कॅमेरा बसवावा असे पुष्कळांच्या मनात येते. त्याआधी घरचे वायफाय तिथवर न्यावे कसे, ते समजून घेऊ.

वायफायच्या लहरींचे तीन वैरी आहेत : मातीची जाड भिंत, पत्रा आणि पाणी. पत्रा लहरी परत फेकतो, भिंत आणि ओला पाला त्या शोषून घेतात. तेव्हा पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवून रेंजची वाट पाहण्यात अर्थ नाही.

१) गोठा जवळ असल्यास : घरातून नेटवर्कची तार ओढून गोठ्यात दुसरे वायफाय यंत्र लावावे. ही तांब्याची तार एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. ती उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराची घ्यावी आणि विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नये. तार नको असेल तर रिपीटर मिळतो. पण तो गोठ्यात लावायचा नसतो. घर आणि गोठा यांच्यामध्ये, जिथे रेंज अजून चांगली आहे, तिथे लावावा. पाटात पाणीच नसेल तर पुढे काय वळवणार?

२) मोटारघर दूर असल्यास : एक अँटेना घराच्या छतावर, दुसरी मोटारघरावर, आणि दोघींची तोंडे समोरासमोर. यालाच वायरलेस ब्रिज म्हणतात. यासाठी बहुधा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत तो घराबाहेर वापरण्यास केंद्र सरकारने २०१८ साली विनापरवाना मोकळीक दिली आहे.

आता मुख्य मुद्दा. सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते. मे महिन्यात ऊस कमरेएवढा असतो, अँटेना १० फुटांवर लावली तरी रेंज झकास येते. पावसाळा संपेपर्यंत तोच ऊस १०-१२ फूट होतो, पाला ओला असतो आणि रेंज गळते. मग यंत्राला दोष दिला जातो. बरे, लहरी काही दोरीसारख्या बारीक रेषेत जात नाहीत, मध्यभागी त्या फुगतात. ३०० मीटर अंतरावर हा फुगवटा मधोमध सुमारे २ मीटर त्रिज्येचा असतो आणि त्याचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ४ फूट, मोकळा लागतो. १२ फूट ऊस अधिक ४ फूट मिळून १६ फूट झाले. म्हणून दोन्ही टोकांना अँटेना १८ ते २० फुटांवर असावी. बांबू वाऱ्याने डुलतो. लोखंडी पाइप घेऊन त्याला तीन बाजूंनी ताण द्यावा. वाटेत आंबा किंवा मोहाचे झाड येत असेल तर जागाच बदलावी.

३) वीज : शेतीपंपाच्या लाइनवर यंत्र जोडले तर पाळी संपताच तेही बंद. त्याला सौर पॅनेल व बॅटरी हवी. ८ वॉटचे यंत्र २४ तासांत १९२ वॉट-तास खाते. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ४८० वॉट-तास असतात. निम्मी बॅटरी वापरली तर साधारण एक दिवस-रात्र निघते. झडीच्या दिवसांसाठी याहून मोठी घ्यावी. घरचा राउटरही बॅकअपवर हवा, नाहीतर एक टोक जागे आणि दुसरे झोपलेले.

४) आकाशातील वीज : उंच पाइपला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. तांब्याची लांब तार विजेचा झटका घरात आणू शकते. १०० मीटरपलीकडे तार न्यायचीच असेल तर धातूविरहित फायबर न्यावी, तीत वीज वाहत नाही. कडकडाट सुरू होण्याच्या आधीच यंत्रे सोडवून ठेवावीत.

५) सर्वांत महत्त्वाचे : मोबाईलवर बोट ठेवणाऱ्याला विहिरीत कोण उतरले आहे ते दिसत नाही. मोटारीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत आणि खिशात ठेवावेत. पंपाजवळ कोणी नाही याची फोनवरून खात्री केल्याशिवाय घरून मोटार सुरू करू नये. कॅमेऱ्यात कोणी दिसले नाही एवढ्यावर विसंबू नये. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, म्हणजे परका माणूस आपली मोटार चालवणार नाही.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा करा. मोटारघरापाशी बांबू उभा करून १६ फुटांवर लाल फडके बांधा. घरी अँटेना जिथे बसणार, तेवढ्या उंचीवरून पाहा. ऊस लहान असेल तर वाटेत मधोमध १२ फुटांची खूण करून दुसरा बांबू उभा करा. फडके त्या खुणेच्या वर मोकळे दिसले तरच पैसे खर्च करा. नाही दिसले तर आधी उंची वाढवा. ऊस वाढणारच आहे, आणि तो वाढावा म्हणूनच तर आपली सगळी खटपट आहे.