थाळीतलीच तुकडी ना?

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गणपतीपुळ्याला पाहुण्यांना जेवायला नेणार असाल, तर आधी हे वाचा. मी रत्नागिरीचीच. मिरकरवाड्याची मासळी आयुष्यभर निवडत आले आहे. तेव्हा "आधी विचारायचं ना" असं मला कोणी सांगू नये. मी विचारलं होतं.

लेकीच्या सासरची मंडळी सोलापूरहून आली होती. आरे-वारेच्या रस्त्याने गेलो, दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली, तोवर दोन वाजले. रस्त्यालगतच्या खानावळीवर पाटी होती 'घरगुती मालवणी जेवण' आणि खाली सुरमई थाळी 400 रुपये. (रत्नागिरीत रत्नागिरीचं जेवण द्यायला लाज का वाटते, हा माझा जुना राग.) वाढपी म्हणाला, "सुरमई आत्ताच आल्ये ताई, मोठी तुकडी देऊ?" मी विचारलं, "थाळीतलीच ना?" तो म्हणाला, "हो, थाळीतलीच." जावयांनीही ऐकलं.

पहिल्या घासालाच कळलं. वरचा रवा कुरकुरीत, पण आतला मासा भुसभुशीत, कोरडा. ताज्या सुरमईला एक गोडवा असतो, तो औषधालाही नाही. बर्फात किती दिवस पडली होती देव जाणे. सोलकढी भडक गुलाबी. आगळात नारळाचं दूध घातलं की रंग फिका होतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. वर मालक येऊन विहीणबाईंना सांगतो, "आमरस घ्या, आमच्याच बागेतला ताजा हापूस." डिसेंबरात! कॅनिंगचा रस विकायला माझी हरकत नाही, पण तसं सांगून विका. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि पाहुण्यांसमोर मला काही बोलवेना.

मग बिल आलं. थाळ्यांचे पैसे वेगळे आणि सुरमई फ्राय वेगळी, प्रत्येकी 850. गल्ल्यावरच्या माणसाने मोबाईलमधून मान वर केली नाही. "थाळीतली तुकडी लहान असते. मोठीचा दर साईझप्रमाणे." वाढप्याने काय सांगितलं ते मी सांगितलं, तर "पोरगा नवीन आहे." आणि वर, "तुम्ही इथल्याच ना? मग सीझनचे दर ठाऊक असतील." हे मला सगळ्यात लागलं. दर मला ठाऊक आहेत म्हणूनच मी बोलत होते. तेवढ्यात व्याह्यांनी "राहू द्या हो विहीणबाई" म्हणत पैसे पुढे केलेसुद्धा. माझ्या गावात, माझ्या पाहुण्याने. तो चटका अजून गेलेला नाही.

बिल म्हणजे साधी चिठ्ठी. तिच्यावर जीएसटी लावलेला, पण जीएसटी क्रमांक कुठेच नाही. हे नीट लक्षात ठेवा: क्रमांक नसेल तर कर घेता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला तर गिऱ्हाइकाकडून कर घेण्याची परवानगीच नाही. सेवाशुल्कही बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या जुलैमध्येच तसं बजावलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

मेन्यूवर 'साईझप्रमाणे' दिसलं की मासा कच्चा असतानाच ताटलीत मागवा. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर हवेत, बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. तुकड्याच दाखवल्या तर दाबून आणि वास घेऊन बघा. दाखवायला तयार नसतील तर सुरमई आणि पापलेटचा नाद सोडून बांगडा मागवा. अख्खा बांगडा पानात पडतो, त्यात लहान-मोठ्या तुकडीचा खेळ करता येत नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा 'आत्ताच आलेली सुरमई' कोणी देऊ केली तर समजून जा.

शाकाहारी मंडळी असतील तर सकाळीच एखाद्या घरगुती जेवणवाल्यांना फोन करा. उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, घावणे हे ऐनवेळी होत नाही. आधी सांगितलं तर मनापासून करून वाढतात. अंगारकीला गर्दी फार, बाराच्या आत जेवून घ्या. पाणी, सुटे पैसे बरोबर असू द्या.

पुळ्यात आणि मालगुंडात प्रामाणिकपणे रांधून घालणाऱ्या कितीतरी बायका आहेत. अशा एका गल्ल्यामुळे त्यांच्याही पानाकडे पाहुणा संशयाने बघतो, याचा मला जास्त संताप येतो.

ऑर्डर देतानाच वाढप्याकडून तुकडीचा दर कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पाहुण्यांची भीड न बाळगता उठा आणि मालगुंडला जा, ते अगदी जवळ आहे.