अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया आणि पूर्वतपासणीचे महत्त्व

डोळ्यांतून सतत पाणी गळणे ही तक्रार किरकोळ समजून अनेकजण पदराने किंवा रुमालाने डोळे टिपत वर्षे काढतात. परंतु हे पाणी पुष्कळदा अश्रुमार्ग बंद झाल्याचे लक्षण असते. तुंबलेल्या अश्रुपिशवीत पू साचतो. अशा स्थितीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यास जंतू डोळ्याच्या आत शिरून दृष्टी कायमची जाण्याचा धोका संभवतो.

पापण्यांच्या नाकाकडील टोकाशी वर व खाली एकेक सूक्ष्म छिद्र असते. तेथून अश्रू बारीक नलिकांवाटे अश्रुपिशवीत व पुढे नाकात उतरतात. पिशवीखालचा मार्ग बंद झाल्यास पिशवी व नाक यांमधील हाडात छिद्र पाडून अश्रूंना नवी वाट करून दिली जाते. इटलीतील तोती यांनी १९०४ मध्ये बाहेरून छेद घेऊन ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. आता ती दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातूनही करता येते.

अडथळा कोठे आहे?

प्रथम छिद्रातून पिचकारीने सलाइन सोडतात. ते घशात उतरले तर मार्ग खुला असतो. परत फिरले तर अडथळा आहे, हे कळते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ही साधी तपासणी व नाकाची पाहणी पुरेशी ठरते. मात्र पिशवी केवढी आहे, तीत खडा आहे काय, हे तिच्यावरून निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी क्ष-किरणांत उमटणारे द्रव्य मार्गात सोडून चित्र घेतात. १९०९ मध्ये युइंग यांनी बिस्मथचा क्षार वापरून असे चित्र प्रथम घेतले; पुढे आयोडीनयुक्त द्रव्ये प्रचारात आली.

सीटी स्कॅन केव्हा?

अपघातात नाकाजवळची हाडे मोडली असतील, पूर्वीची शस्त्रक्रिया अयशस्वी झाली असेल किंवा नाक व सायनसचा विकार असेल, तर सीटी स्कॅनमुळे हाडांची रचना आधीच समजते. अश्रूंतून रक्त येत असेल किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वर घट्ट गाठ लागत असेल, तर अर्बुदाची शंका घेऊन ही तपासणी अवश्य करावी. अर्बुद लक्षात न घेता नेहमीची शस्त्रक्रिया करणे घातक ठरू शकते.

याचा अर्थ प्रत्येकाने हा खर्च करावा असा नव्हे. तान्ह्या मुलांचा अश्रुमार्ग बहुधा वर्षभरात, डॉक्टरांनी शिकविलेल्या मालिशने मोकळा होतो. त्यांना अशा चित्राची सहसा गरज नसते. गर्भवतींनी व आयोडीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

मोतीबिंदू शिबिराला जाणाऱ्यांपैकी कोणाचा डोळा गळत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालण्यास शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्यांना आवर्जून सांगावे. वेळीच सांगितलेल्या एवढ्याशा गोष्टीने एखाद्याचा डोळा वाचू शकतो.