मुंबईच्या फुटपाथवरची कपडेखरेदी

मुंबईत चालू फॅशनचे स्वस्त कपडे मिळण्याची ठिकाणे ठरलेली आहेत आणि प्रत्येकाचा माल वेगळा आहे. महात्मा गांधी रस्त्यावरचे फॅशन स्ट्रीट टी-शर्ट, टॉप आणि जीन्ससाठी ओळखले जाते. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही स्थानकांवरून तेथे चालत जाता येते. कुलाबा कॉजवेवर खोटे दागिने, झोळ्या आणि स्कार्फ. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर चपला, बूट आणि पर्स. हिल रोडवर मुलींचे कपडे. साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी दादरचे हिंदमाता, तर ताग्यातून कापून घ्यायच्या कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट. परगावचे कुटुंब बहुधा ही सगळी नावे एकाच दिवसाच्या यादीत घालते. दोन बाजार झाले की पाय आणि डोळे दोन्ही थकतात, आणि फसगतीची खरेदी हटकून शेवटच्या तासात होते.

फुटपाथवर हमखास ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘एक्स्पोर्ट सरप्लस’. असा माल खरोखर असतो. परदेशी कंपनीची ऑर्डर शिवताना काही नग नापास होणार हे गृहीत धरून कारखाने थोडे जास्त नग शिवतात. कधी माल वेळेत रवाना होत नाही, कधी ऑर्डरच रद्द होते. उरलेला हा माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत रस्त्यावर येतो. कंपनीचे नाव बाहेर जाऊ नये म्हणून त्याचे लेबल अनेकदा अर्धे कापलेले किंवा मार्करने खोडलेले असते. उलट चकचकीत लेबल, छातीवर मोठा लोगो आणि भाव दोनशे रुपये असा कपडा बहुतेक वेळा नक्कलच असतो. नक्कल विकणारा कधीकधी तसे स्पष्ट सांगतोही. ‘फर्स्ट कॉपी’ हे त्याचेच बाजारी नाव. मात्र लेबल कापण्याची युक्ती नकली माल विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे लेबलपेक्षा शिलाई पाहणे शहाणपणाचे.

त्यासाठी कपडा उलटा करावा. शिवणीच्या आत पुरेशी माया सोडलेली आहे का, टाके सारखे आहेत का, काखेत आणि खिशाच्या टोकाला धागा सुटला आहे का, हे आतूनच कळते. सरप्लस मालात दोष असणारच, कारण नापास झालेले नगही त्यातच मिसळलेले असतात: तेलाचा बारीक डाग, एक बाही किंचित वेगळ्या छटेची, अडकणारी चेन, पट्टे न जुळणे. चेन चार वेळा वर-खाली करावी आणि कपडा स्टॉलच्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता बाहेर उजेडात धरावा. गडद रंगाच्या कपड्याच्या आतल्या बाजूस ओला रुमाल घासला की रंग जातो का ते लगेच दिसते. विक्रेता नाक मुरडतो, मुरडू द्यावे. ‘प्युअर कॉटन’ म्हणून मिळणारा मऊ, झुळझुळीत कुर्ता पुष्कळदा रेयॉनचा असतो. वापरायला तो वाईट नाही, पण पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून नेमक्या मापाचा घेऊ नये.

मापाच्या बाबतीत ‘एल’ आणि ‘एक्सएल’ या अक्षरांना रस्त्यावर फारसा अर्थ नाही. वेगवेगळ्या देशांसाठी शिवलेला माल एकाच ढिगात असतो आणि घालून पाहायला आडोसा नसतो. घरून निघताना अंगाला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट सपाट पसरून छाती, कंबर आणि उंची मोजून घ्यावी. पिशवीत शिंप्याची टेप ठेवावी. मुलांसाठी किंवा गावाकडच्या नातेवाइकांसाठी अंदाजाने घेतलेले कपडेच सर्वांत जास्त वाया जातात.

एवढे पाहून झाल्यावरच भाव विचारावा. आधी घासाघीस आणि मग तपासणी, असा क्रम झाला की गिऱ्हाईक अडकते: भाव उतरवून घेतल्यावर दोष दिसला तरी संकोचाने पैसे दिले जातात. पहिला आकडा बोलून-चालून फुगवलेलाच असतो. तीन-चार स्टॉलवर तोच नग पाहिला की खरा भाव आपोआप कळतो. बोहनीच्या वेळी विक्रेता थोडे सैल सोडतो. पण घ्यायचेच नसेल तर सकाळी सकाळी भाव पाडून निघून जाणे बाजारात अपमानाचे समजले जाते, आणि ते योग्यच आहे.

चपला-बुटांत तळ आणि वरचा भाग यांचा जोड पाहावा. चवड्यापाशी वाकवल्यावर फट दिसली तर जोड नुसत्या गोंदाचा आहे. तो पहिल्या पावसात सुटतो. कॉजवेवर ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. निकेलने काहींच्या कानाला आणि मानेला खाज सुटते.

मंगलदास मार्केटमध्ये गफलत होते ती पन्ह्याची. एका दुकानात मीटरला कमी भाव ऐकून कापड घेतले जाते आणि शिंपी कापड पुरत नाही म्हणून परत पाठवतो. ३६ इंच पन्ह्याच्या कापडाला ४४ इंची कापडापेक्षा जास्त मीटर लागतात, त्यामुळे पन्हा विचारल्याशिवाय दोन भावांची तुलना करणे व्यर्थ. हे मार्केट रविवारी बंद असते. रविवारीच लोकलचा मेगाब्लॉकही असतो, हे शनिवार-रविवार गाठून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर विरार किंवा कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत मोठ्या पिशव्या घेऊन चढण्याचा विचारही करू नये. मुसळधार पावसात हिंदमाताला पाणी साचते, हे तर मुंबईकराला सांगावे लागत नाही.

माल परत करण्याचा प्रश्न फुटपाथवर जवळजवळ उद्भवतच नाही. पालिकेची गाडी आली की विक्रेते मिनिटभरात गाठोडे बांधून नाहीसे होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येत नाही, त्यामुळे स्थानकाबाहेर काल दिसलेला विक्रेता आज तेथे असेलच असे नाही. म्हणून लग्नाची साडी, महागडे जॅकेट किंवा भेट द्यायची वस्तू पक्के बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी. बिल हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.