जेवताना पाणी प्यावे की न प्यावे?

भांगलणीच्या दिवसांत दुपारी बांधावर शिदोरी सुटते, तेव्हा एक गोष्ट आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. ज्वारीची भाकरी, चटणी, कांदा असे कोरडे जेवण चालू असते, शेजारी पाण्याची कळशी असते, पण तिला कोणी हात लावीत नाही. जेवताना पाणी प्यायले की जठराग्नी विझतो, असे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले! तासाभराने पिऊ म्हणून माणसे तशीच उन्हात उतरतात आणि कामाच्या नादात पाणी राहूनच जाते. संध्याकाळी डोके ठणकते, लघवी गडद पिवळी होते, जळजळते. आमच्या बहिणी तर आडोसा नसल्यामुळे आधीच कमी पाणी पितात. म्हणून या समजुतीत तथ्य किती, ते पाहू या.

पोटात चूल नाही. अन्न तेथे जळत नाही. पाचक रसात भिजून, घुसळून त्याची पेज होते. पाट्यावर चटणी वाटताना आपण पाण्याचा शिपका मारतोच की. जठर दिवसाला सुमारे दोन लिटर रस पाझरते. पेलाभर पाण्याने तो थोडा वेळ पातळ होतो खरा, पण जठर गरजेप्रमाणे आणखी आम्ल सोडते आणि पाणी तर लवकरच पुढे आतड्यात निघून जाते.

हे माणसाने डोळ्यांनी पाहिले आहे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. जखम बरी झाली, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी १८२५ पासून त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्न आत सोडून पचन तपासले व १८३३ साली त्यावर पुस्तक लिहिले. पाणी जठरात फार थांबत नाही, हे त्यांनी त्यात नोंदले आहे. (सेंट मार्टिन त्या भोकासह १८८० पर्यंत जगला!)

आतड्याला पाण्याचे भय नाही. खाणेपिणे आणि शरीराचे रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव त्यात उतरतो व बहुतेक सारा शोषला जातो. शिजलेल्या भातातही जवळजवळ सत्तर टक्के पाणीच असते. भात पचतो, मग भाकरीबरोबरचा पेलाभर पाणी का बाधावा? आपल्या जुन्या वैद्यकाचाही सरसकट विरोध नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात पोटाचे दोन भाग अन्नाला, एक भाग पेयाला आणि एक मोकळा ठेवावा असे सांगितले आहे.

तेव्हा तहान असेल तर जेवताना घोट घोट पाणी खुशाल प्या. कोरडा घास उतरतो, मलावरोधही कमी होतो. म्हाताऱ्या माणसांचे तोंड कोरडे असते; त्यांना तर पाण्याशिवाय जेवू घालूच नये. उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी हवे, मग जेवण झालेले असो वा नसो.

काहींनी मात्र जपावे. ज्यांना आंबट ढेकर व छातीत जळजळ होते, त्यांनी भरल्या पोटी तांब्याभर पाणी एकदम पिऊ नये. लहान मुले जेवणाआधी पाण्यानेच पोट भरतात, तिकडे आईने लक्ष द्यावे. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी डॉक्टर सांगतील तसेच करावे.

आम्हाला खरी काळजी वाटते ती जेवणावरच्या चहाची. पाण्याला भिणारे घर ताट उचलताच चहा टाकते! चहामुळे भाजी-भाकरीतील लोह अंगी लागत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या व गरोदर बायांनी चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि लोहाची गोळी चहाबरोबर न घेता पाण्याबरोबरच गिळावी.