धान्यांतील सोंडे : त्यांच्या जाति व प्रसार

जोंधळा, गहूं अगर तांदूळ कांहीं महिने सांठवून ठेविला असतां त्यांत पुढें सोंड असलेला बारीक तपकिरी किडा दिसूं लागतो. आपले शेतकरी बंधु त्यास सरसकट ‘सोंडा’ म्हणतात. परंतु एका नांवाचे दोन खातेदार असले तरी त्यांचीं खातीं निराळीं ठेवावीं लागतात, तसेंच येथेंही आहे.

ह्या किड्यांच्या प्रजातीस ‘सायटोफिलस’, म्हणजे धान्यप्रिय, हें नांव शेनहेर नामक स्वीडिश पंडितानें १८३८ सालीं दिलें. तींतील चार जाति आम्ही येथें सांगतों.

१. कोठाराचा सोंडा. ह्याचें वर्णन लिनियसनें १७५८ सालीं केलें. ह्याच्या पाठीवर डाग नसतात. उडण्याचे पंख खुरटलेले असल्यानें तो माणसानें नेलेल्या धान्याबरोबरच पसरतो. ह्याची वस्ती मुख्यतः थंड देशांत आहे.

२. तांदळाचा सोंडा. पाठीवर चार तांबूस डाग असतात. हा उडूं शकतो व उष्ण देशांत सर्वत्र आढळतो. नांव तांदळाचें असलें तरी जोंधळा व गहूंही सोडीत नाहीं.

३. मक्याचा सोंडा. हा किंचित् मोठा, पण दिसण्यांत इतका सारखा कीं दोहोंस पुष्कळ काळ एकच समजत. शरीराच्या आंतील अवयव तपासल्यावांचून खात्री होत नाहीं. हा चांगला उडतो व शेतांत वाळणाऱ्या कणसांवरही जातो.

४. चिंचेचा सोंडा. हा चिंचोक्यांत वाढतो.

ह्या भेदाचा शेतकऱ्यास उपयोग काय? पहिला सोंडा पोत्यांतून येतो. आपल्याकडील दुसरा व तिसरा पोत्यांतून तर येतातच, शिवाय उडूनही येतात. मादी दाणा कोरून त्यांत एक अंडें घालते व भोंक चिकट द्रवानें बुजविते. अळी आंतूनच दाणा खाते; उबदार व दमट हवेंत सुमारें एका महिन्यानें किडा बाहेर पडतो. म्हणून धान्य चाळल्यानें दिसणारे सोंडे जातात, दाण्यांतील राहतात.

यास्तव धान्य कडक वाळवावें. शेंकडा १० हून कमी ओलावा असल्यास त्यांची वाढ खुंटते. जुनीं पोतीं उन्हांत तापवावीं, कणगी झाडून सारवून वाळवावी, नव्या धान्यांत जुनें मिसळूं नये. मात्र एकानेंच हें केलें व शेजाऱ्याची कणगी किडकी राहिली, तर उडणारा सोंडा बांध ओळखीत नाहीं. हें काम साऱ्या गांवानें सुगीपूर्वींच करावें, अशी आमची विनंति आहे.