आरशासमोर दोन मिनिटे

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी वाशीमच्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू, चुन्याचा खर्रा घोटला जातोच. खर्रा खाणाऱ्यांनी, मशेरी लावणाऱ्या बायांनी महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरसा धरावा. गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, या धोक्याच्या खुणा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरत नाही. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावर उपचार होतात. रेशनकार्ड, आधार सोबत न्या. आणि पुडी आजच सोडा.